एक बाकी

प्लॉट पाहायले आलात तर प्लॉट पाहून घरी जायचं. चौकीदाराले खोदून खोदून विचारायचं कायले? पोलिसाले सांगितलं, तो अर्ध्यातच मोबाइल पाहायले लागला. अमरले सांगितलं, तर तो रडायले लागला. शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतलं नाही, आणि आता तुम्ही म्हणता, "काका, त्या मागच्या ओळीतल्या घरांत आतापासूनच दिवे लागले आहेत, पण एकाही दारात चप्पल काहून नाही?"

दिसलं ना? मग बसा. स्टूल जरा इकडे सरकवा. मी बोलत असताना नदीकडून कोणी हाक मारली तर ओ देऊ नका. माझं शिक्षण म्हणजे शाळेच्या ओट्यावर झोप काढली तेवढंच. मले सजवून सांगता येत नाही.

गोष्ट हरिसिंगची आहे.

हरिसिंग एसटीत ड्रायव्हर होता. दिग्रस ते पुसद, दिग्रस ते यवतमाळ, याच रस्त्यांवर त्याचे केस पांढरे झाले. पोरगा अमर नागपूरले नोकरीत. आईबाप तांड्यात राहतात हे सांगायची त्याले लाज वाटे, म्हणून त्याने दिग्रसच्या बाहेर, नदीकाठी, या सरिता विहारात त्यांच्यासाठी घर घेतलं. इथले निम्मे लोक आम्हीच, तांड्यातून उठून आलेले. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली, गेटवर मराठी.

सोयी तुम्ही फलकावर वाचल्याच असतील. चालायचा ट्रॅक, बगिचा, झोके, व्यायामाच्या मशिनी, सभागृह. झोक्यावर बसायले लेकरं नाहीत आणि मशिनींवर बाया गोधड्या वाळवतात. ते जाऊ द्या. फलकावर एक गोष्ट लिहिली नाही. हा चालायचा ट्रॅक जिथे नदीले लागतो, तिथे जुना उतार होता. आमचे पणजे-खापरपणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे, ते इथूनच नदी ओलांडायचे. आधी पलीकडे पोचलेला तांड्याचा नायक अंधार पडताना ओरडायचा, "सारे आले का?" कोणी "सारे आले" म्हटलं की तांडा हलला. मग मागे पाण्यात, झाडीत जो राहिला तो राहिला.

म्हणून आमच्यात रीत पडली. दिवेलागणीले घरातला म्हातारा विचारतो, सारे आले का? आणि सगळे त्याच्या डोळ्यांसमोर बसून भाकर खात असले तरी उत्तर एकच: "एक बाकी छ." एक बाकी आहे. सारे आले, हे तोंडातून काढायचं नाही. दाराची कडी त्याच्यानंतर, तीही जरा थांबून.

कॉलनीचा अध्यक्ष इंद्रजीत. तोही आमच्यातलाच. पण त्याले इथे सगळं शहरासारखं पाहिजे होतं. त्याने रहमत मिस्त्रीकडून गेटवर भोंगा बसवून घेतला. दिवेलागणीले आधी बासरी वाजणार, मग इंद्रजीतचा भरून ठेवलेला आवाज: "सरिता विहारातील सर्व रहिवासी सुखरूप आत आले आहेत. मुख्य प्रवेशद्वार बंद करण्यात येत आहे. शुभ रात्री." दुपारी त्याने सगळ्यांले ते वाजवून दाखवलं आणि मोटारसायकल काढून दिग्रसले गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेच वाक्य आमच्या बोलीत असतं तर म्हाताऱ्या बाया त्याच्यामागे काठी घेऊन धावल्या असत्या. मराठीत होतं, म्हणून ते आम्हाले सरकारी वाटलं.

हरिसिंगची बायको हंसाबाई टाळ्या वाजवायले नव्हती. ती शेळीसाठी पाला तोडायले गेली होती. कॉलनीत जनावर पाळायचं नाही असा नियम आहे, पण तिने शेळी विकली नाही. नदीकाठी बाभळीखाली बांधली, आणि रोज संध्याकाळी तिकडे जायची. त्या संध्याकाळीही ती पाला पदरात घेऊन निघाली तेव्हा हरिसिंग दारात लसूण सोलत होता.

"एवढाच जीव आहे तर शेळीसंगच राह्य ना तिकडं," तो म्हणाला.

"राहीन. ती तुमच्यापेक्षा ऐकते माझं," ती म्हणाली आणि हसत गेली.

दिवे लागले. बासरी वाजली. सर्व रहिवासी सुखरूप आत आले आहेत, असं भोंग्याने सांगितलं. आणि आवाज थांबला तसा हरिसिंगले वास आला. ओल्या पोत्यांचा, बैलाच्या घामाचा, आणि खारट... मिठाच्या गोणीत तोंड घातल्यावर येतो तसा. मग नदीकडून घंटा वाजल्या. एक नाही, पुष्कळ. बैलांच्या गळ्यातल्या, संथ, दूर जात असलेल्या.

त्या आवाजात त्याले हंसाबाई ऐकू आली.

"अमरचे बापू... गेट कुठे आहे?"

त्याले हसू आलं. बत्ती घेऊन तो मागच्या कुंपणाकडे गेला.

"समोर तर आहे. डोळे शेळीले खाऊ घातले काय?"

"दिवे दिसून राह्यले. तुम्ही बी दिसून राह्यले. गेट सापडून नाही राह्यलं."

आवाज तारेच्या अगदी पलीकडून येत होता. त्याने बत्ती मारली. गवत, दगड, ट्रॅकच्या पिवळ्या फरश्या. माणूस नाही. त्याने तारेतून हात बाहेर घातला, आणि त्याच्या हाताले हात लागला. तिचाच. अंगठ्याजवळ विळा लागल्याची जुनी खूण होती, ती त्याच्या बोटाखाली आली. हात थंड होता आणि ओला होता.

"धरून ठेव," तो म्हणाला. पण कुंपणाले वळसा घालून जायचं तर हात सोडावाच लागणार. त्याने सोडला. धावत गेटमधून बाहेर गेला, मागे पोचला, तर तिथे कोणी नव्हतं. बाभळीखाली शेळी पाला खात उभी होती. आणि हंसाबाईचा आवाज आता नदीच्या पाण्यावरून आला, "कुठे गेले हो...?"

धापा टाकत तो माझ्याकडे आला.

"उत्तम, गेट लावलं का रे तू?"

"उघडं आहे. दिसत नाही का?" मी म्हणालो. भोंगा काही बोलो, गेट मी लावलं नव्हतं. माझ्या हाताले सवय नाही. थोडं थांबायची सवय आहे.

हरिसिंगने उघड्या गेटकडे पाहिलं, मग वर भोंग्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मी खुर्चीवरून उठलो. तेव्हा मलेही उमजलं, भोंग्याने सारे आले म्हणून टाकलं होतं. रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो नदीकडे तोंड करून ओरडला, छाती फुटेल असा ओरडला, "एक बाकी छ! एक बाकी छ!"

घंटा थांबल्या.

नदीकडून कोणीतरी चालत येत होतं. हरिसिंगने दोन्ही हात पसरले. ते उजेडात आलं तेव्हा दिसलं, तो इंद्रजीत होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"गाडी बंद पडली, पायी आलो," तो म्हणाला. दिग्रसचा रस्ता नदीले कुठेच लागत नाही. पण तेव्हा ते कोण विचारणार? गलका ऐकून लोक जमले होते. काय झालं हे कोणीतरी त्याले सांगितलं, आणि त्याने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हा म्हातारा दारू ढोसून पडला असेल. बाई बाहेर असताना गेट लावून घेतलं याने." डॉक्टरने माझं लिव्हर मले फोटोत दाखवलं, तेव्हापासून मी थेंब घेतलेला नाही. हे इंद्रजीतले माहीत होतं. दवाखान्यात मले त्यानेच नेलं होतं.

रातभर लोकांनी नदी पायाखाली घातली. पाणी गुडघाभर. त्यात बुडायचं म्हटलं तर झोपावं लागेल. पोलीस आले, अमर आला. काही सापडलं नाही. फक्त सकाळी शेळीची धार काढलेली होती. दुसऱ्या दिवशीही. कोण काढतं, कोणाले दिसलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळच्या आत हरिसिंगने रहमतचे पाय धरले. रहमतने त्याले उठवलं, "काय करता भाऊ, मी तुमच्या लेकरासारखा," आणि शिडीवर चढून भोंग्याची तार तोडली. तरी दिवेलागणीले तो वास आला आणि कुंपणापलीकडून हाक आली. हरिसिंग गेटवर जाऊन ओरडला, एक बाकी छ.

यावेळी बाईच आली. घुंगट ओढलेला, हळूहळू चालत. हरिसिंगने धावत जाऊन तिचा दंड धरला. त्याच्या मुठीत पांढऱ्या बांगड्या आल्या, मनगटापासून खांद्यापर्यंत, त्याच्या आजीच्या आजीने घातल्या असतील तशा. हंसाबाई हातात काचेच्या घालायची. त्याने हात सोडला. बाई थांबली नाही. मागच्या ओळीतल्या रिकाम्या घरात गेली आणि घरात दिवा लागला. त्या घरांले अजून वीज जोडलेली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने डोकं लढवलं. नाव घेऊन ओरडला, "हंसा बाकी छ!" कोणी आलं नाही. उलट तिचा आवाज नदीच्या पार पलीकडे गेला, माशीएवढा झाला. तिने हाक मारली ती त्याले ऐकू आली, शब्द आले नाहीत. तो गेटवर कपाळ आपटत राहिला. रहमतने आणि मी ओढून आणला.

तेव्हापासून तो जुनेच शब्द ओरडतो. रोज एक जण येतो. कधी म्हातारा, कधी कडेवर गठुडं घेतलेली बाई. एकदा नुसता बैल आला, पाठीवर गोणी असलेला. आवाज जवळ असला की हरिसिंग कुंपणाशी बसून तिच्याशी बोलतो. मी ऐकलं आहे.

"हंसा, तुझ्यापुढे किती जण आहेत?"

"लय आहेत. ओळच दिसते नुसती."

"पुढे घुस ना. तू तर बसमध्ये खिडकीतून जागा धरायची."

"कोणी घुसू देत नाही, अमरचे बापू. सगळेच कधीचे उभे आहेत... मी तर कालपरवा आली."

मग हरिसिंग म्हणाला, "शेळीसंग राह्य म्हटलं, ते मनापासून नव्हतं."

"माहीत आहे मले. तुम्ही फक्त ओरडत जा. गळा सांभाळा."

गळा कुठला सांभाळतो. त्याच्या थुंकीत रक्त येतं. मी म्हणालो, आज मी ओरडतो. नाही म्हणाला, ज्याचं बाकी आहे त्यानेच ओरडायचं. एक संध्याकाळ चुकली तर ती पुन्हा पलीकडे जाईल, या भीतीने तो आजारी पडायलेही घाबरतो. नदीवर कितीशे वर्षं तांडे उतरले आणि किती जण मागे राहिले, याचा हिशोब कोणाजवळ नाही. आणि त्याचा आवाज रोज बसत चालला आहे.

चालती-बोलती माणसं घरं सोडून निघाली. इंद्रजीतले त्याचं काही नाही. तो गिऱ्हाइकाले मागच्या ओळीतले दिवे दाखवतो, पाहा म्हणतो, वस्ती कशी भरून राह्यली.

तुम्हालेही दाखवले असतील.

आता काल काय झालं ते ऐका, आणि मग तुम्ही तुमच्या रस्त्याले लागा. काल हंसाबाईचा आवाज कुंपणाले चिकटून आला. हरिसिंग खूश झाला, आता आलीच म्हणाला. तेवढ्यात तिच्या जरा पुढून, याच गेटच्या बाहेरून, मले हाक आली. दमलेला, रडवेला आवाज.

"उत्तमकाका... गाडी बंद पडली, पायी आलो. गेट सापडून नाही राह्यलं. मी कधीचा उभा आहे..."

मी वळून पाहिलं. इंद्रजीत आत ऑफिसात बसला होता, काचेमागे, दिव्याखाली. माझ्याकडेच पाहत होता.

तो पाहा, हरिसिंग आला ओरडायले. दिवेलागण झाली. तुम्ही मघाशी ऑफिसात चहा प्यायलात ना इंद्रजीतसंगं? त्याच्या दारात चप्पल होती का? आठवून पाहा. नसेल पाहिली तर आता जाऊन पाहू नका.

मी कुठे जात नाही. चार लोकांत मले दारुड्या म्हटलं, त्याची माफी घेतल्याशिवाय मी ही खुर्ची सोडणार नाही. आतला मागतो की बाहेरचा, ते मले ठाऊक नाही. पण मागायची आहे ती इंद्रजीतनेच.