छपरावरचा कूलर उतरला तेव्हा

मारिक्रूझ चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून घरी आली तेव्हा तिच्या घराच्या छपरावर एक अनोळखी माणूस बसला होता आणि त्याची शिडी अंगणात आडवी पडली होती.

“तुम्ही याच घरच्या,” त्यानं वरून अदबीनं विचारलं, “की… नुसत्या बघायला थांबलात?”

“घरचीच आहे. पण बघायलाही मजा येतेय.”

“वाऱ्यानं शिडी पाडली हो. तुमच्या आईंना हाका मारून घसा सुकला. त्या मालिका बघताहेत.”

“मग संपेपर्यंत बसा. मालिका चालू असताना आमच्याकडे आग लागली तरी कुणी उठत नाही.”

तो मोकळेपणानं हसला. टूसॉन शहराच्या वाळवंटी जुलैत, तापलेल्या छपरावर भाजून निघाल्यावरही एखादा माणूस असं हसू शकतो, याचं तिला नवल वाटलं. तिनं शिडी उभी करून घट्ट धरली. तो उतरला, टोपी काढली आणि नाव सांगितलं – एफ्राईन. जुना कूलर काढून नवा एसी बसवायला तो आला होता. उतरताना त्याचा हात तिच्या हाताला ओझरता लागला. दोघांनीही तो लागलाच नाही असं दाखवलं, आणि तिथेच पहिली चूक झाली.

हा एसी म्हणजे घरासाठी चैन नव्हती. जुलैत हवा दमट झाली की छपरावरचा कूलर नुसती ओल ओततो. मागच्याच आठवड्यात आई चुलीपाशी चक्कर येऊन पडली होती. थोरल्या बहिणीनं, लूर्देसनं, पोर्टलंडहून फोनवर बजावलं होतं, “मी रविवारी येतेय. घर गार असेल तर उत्तम, नाहीतर आईला घेऊन जाईन.”  तेव्हापासून आई स्वयंपाकघरात बसून पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत राहायची. मारिक्रूझला ते बघवत नव्हतं. आईशिवाय या घरात परतायचं, या विचारानंच तिला रडू यायचं.

नवं यंत्र दिसायला एवढंसं. आईनं त्याला कान लावून पाहिला.

“याचा आवाज कुठाय? जुना कसा गरजायचा! हा मुका काय गार करणार?”

“दोन्या चेलो,” एफ्राईननं आईला आदरानं नावानं हाक मारली, “हा वीज कमी खातो आणि बोलतोही कमी.”

“अगं बाई! मला असाच जावई हवा होता.”

“आई!” मारिक्रूझ ओरडली. एफ्राईन घाईघाईनं खिळे मोजू लागला.

पण संध्याकाळ झाली की घर तापलेलंच. यंत्र न थांबता चालायचं आणि आई घामाघूम. मारिक्रूझनं फोन केला, एफ्राईन आला. झरोक्यांना हात लावून पाहिलं, वर चढून पाहिलं. हवा थंडगार, यंत्र ठणठणीत! दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी आई त्याच्यापुढे गरम टोर्टिया आणि घेवडा ठेवायची, आणि जेवण झालं की तो मागच्या पायरीवर मारिक्रूझशी बोलत रेंगाळायचा.

“तुमच्या यंत्रापेक्षा मीच या घरात जास्त चालतो,” तो म्हणाला.

“आणि जास्त खाता.”

“बंद करा मग मला.”

“बटण कुठाय ते… सापडलं नाही अजून,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईनं लाजली.

शनिवार उजाडला, मावळतीला आला. उद्या लूर्देस येणार होती. मारिक्रूझ कामावरून आली, तर एफ्राईन दिवाणखान्यात मान खाली घालून उभा.

“मालकांना विचारलं. दुसरं यंत्र द्यायला तयार आहेत. पण… सोमवारच्या आत नाही जमणार.”

“सोमवारी कुणासाठी बसवणार? आई असेल का इथे?” तिचा आवाज चढला. “तुम्ही रोज आलात, जेवलात, गोड बोललात… आणि माझी आई चाललीय!”

ती तरातरा मागच्या खोलीत गेली. पर्स टाकली, पडद्यामागे हात घातला आणि डोळे पुसत वळली. एफ्राईन दारात थबकला होता.

“आत्ता काय केलंत?”

“रडतेय. दिसत नाही?”

“ते नाही. हातानं… पडद्यामागे?”

तिनं पडदा सारला. खिडकी चार बोटं उघडी होती. तिनंच उघडली होती, आत्ता, आणि तिला पत्ता नव्हता!

कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला निघायला वाट हवी, म्हणून खोलीखोलीत खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. कूलरच्या घरात वाढलेल्या पोराला हे चालायच्या आधी येतं. ती रोज सकाळी निघताना खिडक्या लावायची आणि घरी आल्यावर त्या उघडत मागची खोली, न्हाणीघर, स्वतःची खोली अशी फिरायची, आणि नवा गारवा मुकाट बाहेर पळायचा.

“मी! मीच आईला घालवायला निघाले होते!”

“आणि मी काय केलं?” एफ्राईननं कपाळावर हात मारला. “नोगालेसला आमच्या घरी अशाच खिडक्या. पडद्याच्या फटीतून परवा मला ही दिसली होती हो! वाटलं, बरोबर आहे, असायचीच उघडी.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग अशी हसत सुटली की आई मालिका सोडून धावत आली.

सगळ्या खिडक्या बंद झाल्या. जेवणं होईतो आईनं शाल मागितली. ती शाल तिच्या खांद्यावर घालताना मारिक्रूझच्या छातीवरचा धोंडा उतरला. दुसऱ्या दिवशी लूर्देस आली, तिनंही तासाभरात स्वेटर चढवला आणि निमूटपणे एकटीचंच परतीचं तिकीट काढलं.

आता सगळं छान होतं. यंत्र चालत होतं, आई रात्रभर गाढ झोपत होती. बिघाडाचं नावच नव्हतं, आणि म्हणून एफ्राईनही नव्हता. पाच-सहा दिवसांत मारिक्रूझ घरातल्या घरात कोमेजली.

“त्या पोराला बोलाव, मिहा, माझ्या लेकी,” आई म्हणाली.

“कशाला? सगळं ठीक चाललंय.”

“तुझं कुठे चाललंय?”

तिनं धीर करून फोन लावला.

“काय झालं?” त्यानं घाबरून विचारलं. “गार होत नाही?”

“होतंय.”

“आवाज करतंय?”

“मुळीच नाही. बिघाड शोधून थकले, एकही सापडेना. म्हणून… आज तू नुसताच ये.”

पलीकडून सुस्कारा आला. तो इतका लांब होता, की तिचेही खांदे आपोआप सैल झाले.

“मी पण तुझ्याकडे यायला निमित्त शोधतोय रविवारपासून,” तो म्हणाला. “निघालोच. हत्यारांची पेटी घेऊन येऊ? म्हणजे… शेजारच्यांना दाखवायला?”

“काही नको आणूस,” मारिक्रूझ म्हणाली. “शेजारच्यांना वाटायचं ते वाटू दे.”