पहिला पत्ता कुणाचा?

त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात माझे रेझिस्टर होते.

हो, माझेच! क्लुज शहरातल्या स्टेशनमागच्या सुट्या भागांच्या दुकानात त्या मापाचे दाणे ओळीनं चिकटवलेली एकच कागदी पट्टी उरली होती आणि ती बाजूला ठेवा म्हणून मी सकाळीच फोन केला होता. मग ट्राम चुकली, वाटेत पावसानं गाठलं, नखशिखान्त भिजून पोचले... तर हा उंच, कुरळ्या केसांचा प्राणी माझी पट्टी उजेडात धरून बघतोय.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

"नाव कुठं लिहिलंय?"

"खसखशीएवढ्या दाण्यावर नाव लिहू? वाचणार आहेस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, केसांतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, दुकानदाराकडून कात्री मागितली आणि पट्टी मधोमध कापली. "घे, अर्धी तुझी. भांडू नकोस, सर्दी होईल."

आणि नेमकी तेव्हाच मी शिंकले. काय कपाळ माझं! त्यानं हसू दाबत रुमाल पुढे केला. रुमालाला सोल्डरिंगनं जळलेली दोन भोकं होती.

त्याचं नाव कॉड्रिन. 'एवढे रेझिस्टर कशाला?' असं त्यानं विचारलं, आणि मी वेड्यासारखं सगळं सांगून टाकलं.

तोआदेरकाका आमच्या गावचे. बुटांवर थापा मारत, उड्या घेत नाचायचा आमच्या खोऱ्यातला पुरुषांचा नाच पुरता येणारे ते शेवटचे. मुलींना तो शिकवत नाहीत. मला त्यांनी शिकवला, भर अंगणात, गावानं नावं ठेवली तरी. आता त्यांच्या गुडघ्याचं सोमवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, चालाल, पण उड्या विसरा. म्हणजे रविवारची दुपार ही शेवटची. व्हिडिओत बूट दिसतात हो, पण गुडघा कधी आणि किती वळला ते कुठं दिसतं? म्हणून मांडीला एक आणि नडगीला एक, असे हालचाल टिपणारे सेन्सर बांधायचे. सेन्सर ज्यावर बसतो त्या छोट्या बोर्डांचा आराखडा कुणीही करून बघावा म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवलेला असतो.

"मीही तेच बोर्ड बनवतो," तो म्हणाला. "आमच्या वर्कशॉपमध्ये ये. मांड्यांचे दोन मी करतो, नडग्यांचे दोन तू कर."

गेले. तीन संध्याकाळी गेले. एका मायक्रोस्कोपवर दोन डोकी — कोपराला कोपर लागायचं आणि चिमट्यातला रेझिस्टर टुणकन् उडायचा. मग दोघांनी जमिनीवर रांगायचं.

"तू श्वास घेतलास म्हणून उडाला," मी म्हणायचे.

"मग काय, मरू?"

"दहा मिनिटं!"

तो रोज कोव्रीग म्हणजे कड्यासारखे गोल पाव आणायचा, तेही भरपूर खसखस लावलेले. एकदा मी कितीतरी वेळ एक दाणा बोर्डावर बसवायची खटपट करत होते, तो चिकटेचना. कॉड्रिननं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खो-खो हसत सुटला. खसखस होती ती! "चालू दे, भाजल्यावर वास छान येईल," म्हणाला. मला इतका राग आला... आणि घरी जाताना सबंध वाट मी एकटीच हसत होते.

घोळ झाला तो पत्त्यांचा.

प्रत्येक बोर्डावर एका रेझिस्टरसाठी दोन जागा असतात. पहिल्या जागी बसवला तर सेन्सरला पहिला पत्ता मिळतो, दुसऱ्या जागी बसवला तर दुसरा. एका पायाचे दोन्ही सेन्सर एकाच तारेवर, म्हणून पत्ते वेगळे हवेत. एकच झाला, तर कॉम्प्युटरनं हाक मारली की दोघंही एकदम ओ देतात आणि कुणाचंच धड कळत नाही. शुक्रवारी आम्ही जोडून पाहिलं, तर स्क्रीनवर प्रत्येक पायाच्या दोन रेघांऐवजी एकच. दोघांनीही पहिलीच जागा भरली होती!

"नाच जमिनीवरून सुरू होतो," मी म्हटलं. "म्हणून नडगी पहिली. तू बदल."

"पाय कमरेपासून सुरू होतो, बाईसाहेब. मांडी पहिली. तू बदल. तसाही तुझा सोल्डरचा जोड कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतोय."

"कोबीचा गड्डा?" मी माझे दोन बोर्ड उचलले. "रविवारी दोन वाजता गावी पोच. नाही तर... नको येऊस!"

त्याचा चेहरा उतरला आणि तो आपले दोन बोर्ड डब्यात ठेवू लागला. तेच मेलं जास्त लागलं.

शनिवारभर मी स्वतःवरच चरफडत होते. काकांचा शेवटचा नाच आणि मी पहिल्या नंबरासाठी भांडतेय! दुपारी सोल्डरिंगची सळई तापवली आणि दोन्ही रेझिस्टर गुपचूप दुसऱ्या जागी हलवले. खरं सांगू? फक्त काकांसाठी नव्हतं ते. त्याचा उतरलेला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

रविवारी तो वेळेवर आला, भिजलेला. काका बूट चढवून बाकावर बसले होते. गुडघ्यात इंजेक्शन घेतलेलं, त्याचा असर तासभरच. शेजारचे फिडलवाले सूर लावून तयार. आम्ही पट्टे बांधले, तार जोडली.

पुन्हा प्रत्येक पायाची एकच रेघ.

"अरे देवा!" मी ओरडले. "तू बदललंस?"

"काल! तुझ्यासाठी! तू—"

"मीपण बदललं ना, तुझ्यासाठी!"

आता दोघंही दुसऱ्या पत्त्यावर. असली गाढवं जगात दोनच असतील, आणि ती दोन्ही त्या अंगणात उभी होती.

"मी बदलते," मी म्हटलं. "मी बदलतो," तो म्हणाला, आणि दोघांनी एकदम सोल्डरिंगच्या सळईला हात घातला.

"अरे, पुन्हा दोघंही?" काका कडाडले. "माझा गुडघा थांबणार नाहीये!"

"तू हात लावायचा नाहीस," मी कॉड्रिनला बजावलं. "तू दुसरा तर दुसरा. पहिली मी."

"मी कधी नाही म्हटलं?"

पाऊस भुरभुरत होता; त्यानं कोट काढून माझ्या डोक्यावर धरला, दुसऱ्या हातात भिंग. एक रेझिस्टर बसला. दुसरा उचलला आणि... टुणकन्! गेला चिखलात. माझी अर्धी पट्टी कधीच संपली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस मिनिटं उरली होती.

कॉड्रिननं पाकिटातून कागदाची पुडी काढली. आत एकच काळा दाणा.

"हा कुठला?"

"त्याच पट्टीतला. ठेवला होता... आठवण म्हणून."

"कसली आठवण?"

"तू शिंकलीस त्याची."

मी दाणा चिमट्यात धरला. "आत्ता सांगायचं होतं हे?" मी खेकसले. "आणि ऐक, यापुढे काही बदलायचं झालं, तर आधी मला विचारायचं."

"यापुढे म्हणजे कधीपर्यंत?"

"गप्प! श्वाससुद्धा घेऊ नकोस."

दाणा बसला. तार जोडली. दोन्ही पायांच्या दोन-दोन रेघा, वेगवेगळ्या, स्वच्छ.

काका उठले. फिडल सुरू झालं, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस हवेत गेला. टाचा, थापा, फिरकी — स्क्रीनवर रेघा चढत होत्या, उतरत होत्या, एकही तुटली नाही. शेवटची उडी त्यांनी मला शिकवली होती तशीच घेतली, डावा गुडघा जरा उशिरा वळवून. तो उशीर आता कायमचा आमच्याजवळ होता. मी रडले, खुशाल रडले.

कॉड्रिननं तोच दोन भोकांचा रुमाल पुढे केला. मी वर पाहिलं.

"मला तू—" मी म्हटलं.

"मला तू—" तो म्हणाला.

दोघंही थांबलो.

"आधी तू," तो म्हणाला.

"नाही, तू."

"अरे, कुणीतरी एकानं बोला रे!" काका बाकावरून ओरडले, धापा टाकत. "मग या आणि माझे बूट काढा!"

मग मीच बोलले. "मला तू आवडतोस, मूर्खा."

पहिला नंबर माझाच होता ना!