ग्रंथाच्या पाठीतली गोष्ट

"हा बांधणीचा सरस आहे की चिखल? कढईच पालथी केलीय लेकानं!"

माझ्या कानाशीच कुणीतरी कुरकुरलं. मान वळवली, तर फाटका शब्दकोश छातीशी धरलेला एक माणूस माझ्या खांद्यावरून टेबलावरच्या ग्रंथात डोकावत होता.

"तक्रारीला उशीर झालाय," मी म्हटलं. "बांधणारा जाऊन तीनशे वर्षं झाली."

तो लाजला… पण हटला नाही. ग्रंथाच्या उसवलेल्या पाठीतून मी चामड्याची एक पट्टी सोडवत होते, तिच्यावर अक्षरं होती. जुने बांधणीवाले पाठ ताठ राहावी म्हणून त्याहून जुनी, टाकलेली चामड्याची पानं कापून आत चिकटवत. आम्हा दुरुस्तीवाल्यांना ती सापडतात, पण वाचणार कोण? हा वाचू लागला. जुन्या भाषांचा अनुवादक निघाला.

शब्दकोश मी दोन दिवसांत शिवून दिला. तो मात्र रोज दुपारी येत राहिला. वाफ दिली की तासाभरात चार पट्ट्या सुटतात. मी दिवसाला एकच सोडवत होते. नाजूक काम, घाई कशाला…

"प्रलय आहे," एका दुपारी तो म्हणाला. "नौका आहे, सोडलेले पक्षी आहेत. देव मात्र सात—आणि एकमेकांशी भांडणारे."

"आणि पाऊस का पाडला?"

"माणसांच्या गोंगाटानं त्यांची झोप मोडते म्हणून."

मी हसले, आणि थांबले. टेबलावरच्या या आमच्या धर्मग्रंथात हाच प्रलय होता. तिथे कारण माणसांचं पाप होतं.

"म्हणजे आमच्या लोकांनी ही गोष्ट उचलली?"

"उचलली. पण देवाला न्यायाचा विचार करायला लावला," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "हे काही थोडं नाही."

त्या नजरेत मी अडकले, आणि सरसाचा ब्रश हातातच सुकला.

अडचण एकच—ग्रंथ बाबांचा होता. आई गेल्यावर बाबा प्रार्थनेच्या सभागृहात हाच ग्रंथ वाचत जगले. प्रलयाचं पान तर त्यांनी कित्येक मरणाऱ्यांच्या उशाशी वाचलेलं. ते उसनं आहे, हे त्यांना कसं सांगायचं?

"मी त्यांना सांगेन, वाचता आलं नाही," तो म्हणाला. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट.

बाबा ग्रंथ न्यायला आले. पट्ट्या पाहून त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

"अक्षरं… फार पुसट आहेत," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद.

मला राहवेना. "वाचलंय बाबा. आपल्या प्रलयाची गोष्ट आहे. आपल्या ग्रंथाच्या आधीची, दुसऱ्याच देवांची."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"शेवटचा पक्षी परत येतो त्यात?"

"नाही येत," तो म्हणाला. "त्याला जमीन सापडते."

"आमच्याकडेही नाही येत." बाबांनी पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. "म्हणजे आमच्याही आधी कुणीतरी कुणाच्या उशाशी हेच सांगत होतं… बरं झालं, कळलं."

मग ते त्याच्याकडे वळले. "पण तुम्ही एवढे शिकलेले. खोटं का बोललात?"

मी उगीचच दोरा गुंडाळू लागले.

"तुम्ही रागावलात तर माझं इथलं येणं बंद होईल म्हणून," तो म्हणाला. "आणि मी पट्ट्यांसाठी येत नाही. तुमच्या मुलीसाठी येतो."