सूतगिरणीचं वळण

डोंगराखालच्या त्या किर्गिझ शहरात विजेवर धावणाऱ्या ट्रॉलीबसच्या डोक्यावरच्या तारा काढून टाकल्या, त्या हिवाळ्यात उमसुनाय त्याच मार्गावर डिझेलची बस चालवायला लागली. दुपार कलली होती. घराघरांतल्या कोळशाचा धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर बसला होता. झाडसुद्धा अगदी जवळ आल्यावर दिसायचं. बसमध्ये एकटे जुमाशकाका उरले होते, मांडीवर गरम रोटी घेऊन. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच मार्गावर ट्रॉली चालवली होती.

"केवढी खडखडते गं तुझी गाडी! आमची ट्रॉली मांजरासारखी जायची."

"आणि तारेवरून दांडा निसटला की मांजर रस्त्यातच फतकल मारायचं," उमसुनाय हसली. "काका, हा मार्ग इकडून वळसा का घेतो हो? इथं तर वस्तीच नाही."

"सूतगिरणी होती. तिथल्या बायकांसाठीच तर मार्ग काढला. पुढे गिरणी बंद पडली. थांबा मात्र त्याआधीच उचलला..." काकांचा आवाज खाली गेला. "बर्फानं विजेची तार तुटून भरल्या ट्रॉलीवर पडली. आत होत्या तोवर सगळ्या सुखरूप. पण घाबरून उतरायला लागल्या. एक पाय जमिनीवर, हात दाराच्या दांडीला... पुढची का पडली, मागचीला कळेना. मी मागच्या ट्रॉलीतून नुसता ओरडत होतो. माझी बायको, बुरुल, त्यांच्यातच होती."

वळण आलं आणि इंजिन एकाएकी बंद पडलं. दारं फस्सकन उघडली. गार धूर आत शिरला, आणि त्याच्याबरोबर करपलेल्या लोकरीचा वास.

खाली धुक्यात बायका उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, खांद्याला खांदा. एकही हलत नव्हती.

काका उठले.

"काका, बसा... इथं थांबा नाहीये."

"बुरुल हात दे म्हणतेय गं."

"तुम्हीच म्हणालात ना... एक पाय खाली..."

"त्या दिवशी लोकांनी मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही," काका शांतपणे म्हणाले. त्यांनी दांडी धरली आणि एक पाय खाली टाकला.

निळा लखलखाट झाला. आवाज मुळीच नाही. उमसुनायनं धावत जाऊन त्यांना कोटाला धरून आत ओढलं, पण जीव गेला होता. बाहेर रिकामा रस्ता.

डॉक्टरांनी काकांचा तळहात उलटा केला. दांडी धरली होती तिथं, तिच्या जाडीएवढा पट्टा कोळसा झाला होता.

"विजेची तार कुठं लागली यांना?"

त्या रस्त्यावर एकही तार उरली नव्हती.

उमसुनायनं मार्ग बदलून मागितला. साहेबांनी उडवून लावलं. दफनानंतरच्या पहिल्याच फेरीला रिकामी बस त्या वळणावर आली. तिनं दात आवळून वेग वाढवला.

मागच्या दारापाशी एक बाई अजिजीनं म्हणाली, "सरका ना हो जुमाशदादा... आम्हालाही उतरायचंय."

उमसुनायनं आरशात पाहिलं. बसमध्ये कुणी नव्हतं. फक्त मागच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर, आतून, श्वासांची वाफ धरत चालली होती.