सतरा नंबरची बशी

कोपऱ्यावर दूध आणायला जावं, तितक्या सहज माझे साडू त्या रात्री प्रयोगशाळेत गेले होते. फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार. जेवणं आटोपून आम्ही दोघे त्यांच्या घरी पत्ते खेळत बसलो होतो. साडेदहाला त्यांनी हातातली पानं पालथी ठेवली. "तासाभरात आलो. पोरांना भरवायचंय."

पोरं म्हणजे पेशी. साडू हृदयाच्या आजारावर संशोधन करायचे. रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातून महिनोन्‌महिने खपून काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी वाढवायच्या, आणि त्यांच्यावर औषध टाकून बघायचं. त्या पेशींना दिवसाआड ताजा द्रव लागतो. शनिवार-रविवार त्यांना कळत नाही. आणि त्या धडधडतात.

हसू नका. मी मायक्रोस्कोपातून पाहिलंय. माणूस घरी झोपलेला असतो आणि त्याच्या हृदयाचा कण इथे बशीत ठोके देत असतो. पापणी लवावी तसा.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या रात्रीपर्यंत साडूंनी घरातसुद्धा कोणाला सांगितली नव्हती. त्यांच्याकडे ठोक्यांचा ताल सुधारणाऱ्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. साठ रुग्ण, प्रत्येकाच्या पेशींची एक बशी. त्यातला सतरावा कारखान्यात लेथवर काम करायचा. धिप्पाड, तोंडाने फटकळ. तो दोनदा चक्कर येऊन पडला आणि तावातावाने साडूंकडे आला.

"साहेब, गोळी घेतली की छातीत मासा तडफडल्यासारखं होतं."

चाचणी संपायला महिना उरला होता. साडूंनी मान वरसुद्धा केली नाही. "नीट जेवत नसाल. गोळी बंद करू नका."

नवव्या दिवशी तो घराच्या जिन्यात कोसळून मेला. आणि साडूंनी कागदावर लिहिलं, 'रुग्णाने स्वखुशीने चाचणी सोडली.' एक ओळ. हात झटकले, मोकळे झाले.

तर त्या रात्री अकराला पाच कमी असताना ते चौथ्या मजल्यावर पोचले. जोडे बदलले, हात धुतले, हातमोजे चढवले. खोली बारीकशी, खिडकी नसलेली. उबेच्या कपाटातून बश्या काढून त्यांनी ओळीने मांडल्या. पहिली मायक्रोस्कोपाखाली धरली. ठोके व्यवस्थित. दुसरी. तीही व्यवस्थित.

तिसऱ्या बशीशी ते थबकले. ही एका म्हाताऱ्या बाईंची, नेहमी संथ चालायची. आज ती घाईत होती. चौथीही तशीच. त्यांनी दुसरी पुन्हा लावली. तीही आता त्याच चालीत! वेगवेगळ्या माणसांच्या बश्या, ताल एकच. जरा वेगवान, मध्येच अडखळणारा. दोन ठोके... थांबा... मग तीन, घाईघाईने.

हा ताल ते ओळखत होते. सतरा नंबरचा.

'द्रवात काही बिघडलंय,' ते स्वतःशीच म्हणाले. माणूस शिकलेला असला की आधी कारण शोधतो. त्यांनी सतरावी बशी उचलली. डोळा लावला.

ती बंद होती. एकही पेशी हलत नव्हती.

मेली, असं वाटून त्यांना चक्क बरं वाटलं. ती फेकायला ते उठले... आणि छातीत काहीतरी उलटलं.

मासा.

त्यांनी टेबल धरलं. दोन ठोके. थांबा... तीन, घाईघाईने. त्यांच्याच छातीत. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट दाबलं. नाडी तशीच. दाराकडे चार पावलं होती. दोन टाकली. तिसरं पडेना.

मागे कोणीतरी उभं होतं.

खोलीत दुसरा माणूस मावत नाही, पोरांनो. पाठ भिंतीला लागते. तरी मागे श्वास होता. मानेवर. गरम.

"चक्कर येते का, साहेब?"

साडू वळले नाहीत.

"नीट जेवत नसाल."

"माझं चुकलं..." साडू पुटपुटले. "मी... मी लिहितो खरं. उद्याच लिहितो."





मग एक हात त्यांच्या पाठीवर टेकला. डाव्या बाजूला. हळूच. आणि आत गेला.

पहाटे पहारेकऱ्याला ते दारात पडलेले सापडले. जिवंत. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा शुद्धीवर होते, आणि पहिलं वाक्य काय बोलले? "कागद-पेन द्या." त्या आठवड्यात त्यांनी सगळं लेखी कळवलं. गोळी बंद झाली, उरलेले एकोणसाठ वाचले. साडूंची नोकरी गेली. वरिष्ठांनी ओळख दाखवणं सोडलं. लेथवाल्याच्या बायकोकडे ते माफी मागायला गेले, मी सोबत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी माफ केलं, तर मी करीन," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

साडू आज ठणठणीत आहेत. जिने चढतात. पण गेल्या वर्षी गावाबाहेरच्या एका तरुण डॉक्टरणीकडे साधी तपासणी करून घ्यायला आम्ही गेलो. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. छातीला तारा लावल्या, मशिनमधून कागदाची पट्टी आली. ती बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. मशिन बदललं. पुन्हा पट्टी काढली. मोठ्या ठोक्यांच्या मधेमधे बारीक लाटा होत्या, आपल्याच वेगळ्या तालात.

"काका," तिने विचारलं, "तुमचं हृदय कधी बदललं?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याचं हृदय बसवताना कधीकधी मूळ हृदयाचा थोडा भाग आतच राहतो. तो असा वेगळा चालत राहतो. ही बारीक लाट तुमची. मोठे ठोके नव्या हृदयाचे. ऑपरेशन कुठे झालं?"

साडूंनी सदऱ्याची बटणं सोडली.

छातीवर एक टाकासुद्धा नव्हता.