फिकी पडलेली नळी

“माझ्या वडलांनी विषारी वायू गळू दिला, असं शाळा म्हणते,” धम्मप्रिया म्हणाली. “बावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलीय त्यांनी. उद्या त्यांना काढून टाकणार आहेत.”

खासगी गुप्तहेर दाक्षायणी यांनी वही उघडली. त्यांचा सहकारी धुळा याने पंखा वाढवला. मार्चमध्येच सोलापूर अडतीस अंशांवर गेलं होतं.

तासाभरात दोघे शाळेत पोहोचले.

“प्रयोगशाळेत काचेची एक बंद नळी आहे, तिच्यात विषारी तपकिरी वायू असतो,” मुख्याध्यापक हिंदुराव सर सांगू लागले. “काल कारकून अमृतनं फोन करून बोलावलं, दहाला मी तिथं पोहोचलो. दारातूनच पाहिलं, नळी जवळजवळ रिकामी! मुलांना मैदानावर काढलं. अर्ध्या तासानं परत आलो तर नळी पुन्हा तपकिरी. मधल्या वेळात आत गेले ते फक्त प्रयोगशाळा सांभाळणारे यशवंत. दुसरी नळी ठेवून चूक झाकली, दुसरं काय?”

“रसायनशास्त्राचे शिक्षक?”

“काव्या मॅडम अकलूजला परीक्षेच्या कामावर. मी मराठी शिकवतो, मला त्यातलं काय कळणार?”

दाक्षायणींनी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, नळी एकच आहे आणि तिच्या मानेवर त्यांनी स्वतः आपल्या नावाचं ‘का’ कोरलंय. कपाटातल्या नळीवरही तेच अक्षर होतं.

यशवंत व्हरांड्यात बसले होते. “वायू सुटला म्हनल्यावर खिडक्या उघडाया गेलो, ताई. कुनीतरी जायाच पायजे की.”

अमृत मात्र घडाघडा बोलला. “साडेनऊला मी कुलूप उघडलं, तेव्हाच नळी फिकी होती. सरांना फोन केला. ते येईपर्यंत तिथून हललो नाही, आत कुणी आलंही नाही.”

“हात लावलात?”

“छे! बी.एस्सी. झालोय मी. गळकी नळी कोण धरेल?”

झाडलोट करणाऱ्या केराबाई म्हणाल्या, “दुपारी कपाटाखाली पानी दिसलं. पुसलं, तर फडकं वाळून पांढरं फटक झालं. मिठावानी.”

“वायू गेला कुटं आन् आला कुटनं?” धुळाने डोकं खाजवलं. “मला तर दोन नळ्याच दिसत्यात, ताई.”

“नळी एकच आहे, धुळा. बर्फ आण. आणि मीठ.”

सगळे प्रयोगशाळेत जमले. बर्फ आणखी गार व्हावा म्हणून दाक्षायणींनी त्यात मीठ घातलं आणि नळी बुडवली. तपकिरी रंग विरत गेला. हिंदुराव सरांनी चष्मा सरळ केला.

“यात दोन वायू आहेत, एक तपकिरी, एक बिनरंगी. ते सतत एकमेकांत बदलत असतात आणि त्यांचा तोल ठरलेला असतो. बिनरंगी वायू तयार होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून नळी थंड केली की तोल त्याच्या बाजूला झुकतो, गरम केली की तपकिरीच्या. गळत काहीच नाही.”

त्यांनी नळी बाहेर काढून टेबलावर ठेवली. पाचेक मिनिटांत रंग परतला.

“अमृत, या उकाड्यात फिकी नळी एवढाच वेळ टिकते. साडेनऊला ती फिकी असती, तर दहाला सरांना तपकिरी दिसली असती. म्हणजे सर येण्याच्या जरा आधी ती बर्फात होती. त्या वेळी इथं कोण होतं, ते तुम्हीच सांगितलंत. वितळलेलं खारं पाणी केराबाईंनी पुसलं.”

अमृतची मान खाली गेली. “मेव्हण्याला ही जागा मिळाली असती,” तो पुटपुटला.

“तुमचं बघतो मी,” हिंदुराव सर त्याला म्हणाले आणि यशवंतांकडे वळले. “मी माफीचं पत्र लिहून देतो.”

“कागूद नको, सर. म्या विष सोडलं म्हून पोरं मला भ्यायलीत. त्यास्नी सांगा.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “आत विष आहे असं आपल्याला वाटत होतं, तेव्हा खिडक्या उघडायला एकटे यशवंत आत गेले. मी गेलो नाही.”

मग पहिलीच्या रांगेतली एक मुलगी सरळ यशवंतांजवळ येऊन उभी राहिली.