पाच पन्नास ते सव्वासहा

कल्पना कर, तुझ्या घरातल्या कपाटात एक पेटी आहे. आत पंख्याची बारीक घरघर, बाहेर एक हिरवा दिवा. घरातले सगळे फोटो, सगळी गाणी तिच्या पोटात आहेत, आणि घरातल्या कुणीही फोनवरून मागितलं की ती काढून देते. याला म्हणतात घरचा सर्व्हर. तुझ्या बाबांनी तो जुन्या कॉम्प्युटरांचे भाग जमवून स्वतः जोडलाय.

आता बाबा नाहीत. आणि पेटी रोज थोडा वेळ मरते.

केलीस कल्पना? मग चल पायसांदू नावाच्या दूरदेशीच्या शहरात, मायतेच्या घरी. शुक्रवारची संध्याकाळ आहे. अकरा वर्षांची मायते कपाटासमोर मांडी घालून बसलीय, कारण पेटीच्या पोटात एक नोंदवही असते हे तिला आजच आठवलंय. पेटी कधी बंद झाली, कधी चालू झाली, सगळं त्या वहीत आपोआप लिहिलं जातं.

वहीत लिहिलं होतं : सोमवार, बंद पाच पन्नास, चालू सव्वासहा. मंगळवार, तेच. बुधवार, तेच.

मायतेने ते फोनवर दोनदा वाचलं. तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण बाबा गेल्यापासून, म्हणजे सहा आठवड्यांपासून, तिला काहीच नीट वाटत नव्हतं. बधिर झालेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं सगळं.

"काय गं, डॉक्टरीणबाई, नाडी लागतेय का?" दार्विनमामा स्वयंपाकघरातून ओरडला. तो रोज कारखान्यातून सुटला की सातला यायचा, बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवायचा आणि माते, म्हणजे तिकडचा कडू पानांचा चहा, नळीने ओढत बसायचा. "उद्या अकराला दुकानवाला येतोय. तयार सर्व्हर, सीलबंद. दोन डिस्का, आवाज नाही, कटकट नाही. आणि हे जुनं धूड तो बदल्यात घेऊन जाणार."

"त्यात बाबांचं सगळं जाईल नव्या पेटीत?"

"फोटो, गाणी, सगळं. फक्त तुझ्या बाबांनी, विल्मारने, स्वतः लिहिलेली बारीकसारीक कामं आहेत ना, घड्याळाचे निरोप वगैरे, ती नव्यात चालणार नाहीत म्हणाला."

घड्याळाचे निरोप म्हणजे बाबांच्या आवाजातल्या आठवणी. पेटी त्या ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर वाजवायची. सकाळी सातला : "मायते, डबा!" आणि कामाच्या दिवशी सहाला पाच कमी असताना : "रोसिना, सहा वाजतायत. गीझर बंद कर गं, राणी." कारण सोमवार ते शुक्रवार सहा ते दहा वीज महाग, आणि आई गीझर हमखास विसरायची. सकाळचा निरोप मायते अजून रोज ऐकायची, आणि मगच बूट घालायची.

"आई, तुला हवाय तो नवा सर्व्हर?"

रोसिना खिडकीशी उभी होती. हातात माते-चहाचा पेला होता, त्यातलं पाणी केव्हाच गार झालेलं.

"घेऊ या," ती म्हणाली. "चालेल."

सगळ्यालाच ती हल्ली चालेल म्हणायची.

मायते टेबलाशी येऊन बसली. "मामा, आजारी पेटी रोज घड्याळ लावून आजारी पडते का?"

"तुझी आत्या पडते. दर सोमवारी, कामाला जायच्या वेळी."

"मस्करी नको ना. वीज जात असेल का?"

"तुमच्या गल्लीत? जाईलही."

मायतेने मायक्रोवेव्हकडे बोट केलं. वीज गेली की त्याचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसतं. ते शांतपणे सात वीस दाखवत होतं. "मी कितीतरी दिवसांत ते लावलेलं नाही. तूही नाही."

"मग मांजर. मोस्तासाला बटणं फार आवडतात."

"मांजर शनिवारी-रविवारी सुट्टी घेतं?" मायतेने कागद पुढे सरकवला. तिने वहीतून सगळं उतरवून काढलं होतं. शनिवारी काही नाही. रविवारी काही नाही. एक मेच्या सुट्टीलाही नाही.

मामाने पेला खाली ठेवला. "म्हणजे पेटी कामाच्या दिवशीच दमते. माझ्यासारखीच आहे की."

"आई, पावणेसहाच्या पुढे तू घरात असतेस ना? कुणी येतं का?"

"मी गच्चीवर असते. कपडे काढते."

मायतेने खिडकीतून वर पाहिलं. दोरीवर मंगळवारचे कपडे अजून होते. मंगळवारच्या धुण्यात बाबांचा निळा सदराही होता.

आता थांब जरा. तूही विचार कर. न्हाणीघरात जाऊन बघ हवं तर : गीझरचा लाल दिवा विझलेला आहे. रोजच विझलेला असतो. झालं? मग पुढे वाच.

"मामा, अजून एक," मायते म्हणाली. "वायर ओढली तर पेटीला वहीत काही लिहायला वेळच मिळत नाही. मधेच मरते. पण इथे रोज लिहिलंय, बटण दाबलं, सगळं आवरलं, मग बंद. कुणीतरी बटण एकदाच हलकं दाबतं आणि दिवा विझेपर्यंत थांबतं. डिस्कला इजा होऊ नये म्हणून."

"बरं मग?"

"ती पद्धत बाबांनी दोघींनाच शिकवली होती. मला आणि आईला. आणि मी त्या वेळी हँडबॉलला असते."

मामाने खिडकीकडे मान वळवली.

"पेटी आजारी नाहीये," मायते सांगत राहिली, एकसुरात, वर्गात धडा वाचावा तशी. "कामाच्या दिवशी सहाच्या आधी एकच गोष्ट होते. बाबांचा निरोप. तो वाजू नये म्हणून कुणीतरी आधी पेटी झोपवतं आणि सव्वासहाला उठवतं. आणि गीझर? आई नेहमी विसरायची. आता एकदाही विसरत नाही, कारण त्या वेळी तिची नजर घड्याळावरच असते."

"रोसिना?" मामा हळूच म्हणाला.

रोसिनाने पेला ओट्यावर ठेवला. ती रडली नाही. "राणी म्हणतो तो," ती म्हणाली. "रोज. जिवंत असल्यासारखा. मला ऐकवत नाही. आणि पुसायला हात धजत नाही."

"मग नवा सर्व्हर?" मामाने विचारलं.

"त्यात तो निरोप आपोआपच राहिला नसता. मी पुसला असं झालं नसतं."

"पण सकाळचा माझा निरोपही गेला असता, आई."

रोसिनाने प्रथमच मायतेकडे नीट पाहिलं. "तू ऐकतेस तो?"

"रोज."

मग मामाने फोन उचलला. "हॅलो, उद्या येऊ नका. हो, तयार पेटी चांगलीच आहे हो, घेऊ कधीतरी, जोडीला. बदल्यात नाही. जुनीला काही झालेलं नाही." फोन ठेवून त्याने बिस्किटाचा तुकडा मोडला आणि बहिणीच्या हातात दिला. तिने तो नुसताच धरून ठेवला.

शनिवार गेला. रविवार गेला.

सोमवारी मायते हँडबॉलला गेली नाही. पाच पन्नासला आई कपाटापाशी येऊन उभी राहिली, एक बोट पुढे करून. मायतेने तिला अडवलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, भिंतीतून स्पीकरची वायर काढली, नीट गुंडाळली आणि चमच्यांच्या खणात ठेवली. सकाळी सातच्या आधी ती पुन्हा लावायची, हे तिने मनात ठरवून टाकलं.

"राहू दे चालू," ती आईला म्हणाली.

आईचं बोट तसंच हवेत होतं. पेटी घरघरत राहिली. सहाला पाच कमी झाले. घरात काहीच वाजलं नाही.

मग मायते न्हाणीघरात गेली, गीझरचं बटण खाली केलं आणि तिथूनच मोठ्याने हाक मारली :

"आई, सहा वाजतायत. गीझर बंद केला गं!"